भूगोलाची पदवी आणि दुधनीची काळी

मुंबईहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग सोलापूर सोडतो, होटगी, अक्कलकोट रोड, नागणसूर आणि बोरोटी ही स्थानके मागे टाकतो आणि दुधनीला येतो. येथून पुढे गाडी कर्नाटकात शिरते. परंतु खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला ते कळावे असे बाहेर काहीच घडत नाही. तीच काळी जमीन, तेच तुरीचे पट्टे, बांधावरची तीच बाभूळ, आणि डब्यात अक्कलकोटपासूनच सुरू झालेले तेच कन्नड-मराठी संभाषण. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या महाराष्ट्राच्या नकाशात मात्र दुधनीच्या पूर्वेस कोरा कागद असतो. त्या कोऱ्या कागदावर दुधनीच्या निम्म्या घरांची सोयरीक आहे, बाजारात येणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा तेथूनच येतो आणि ज्या फरशीवर दुधनीकर जेवायला बसतो, ती शहाबादी फरशीही तेथीलच आहे.

अशा गावातून दरवर्षी काही मुले-मुली अक्कलकोट वा सोलापूरच्या महाविद्यालयात कला शाखेला जातात. त्यांपैकी कित्येक भूगोल हा विषय घेतात. तो आवडतो म्हणून काहीजण, स्पर्धा परीक्षेस उपयोगी पडतो म्हणून बहुतेकजण. तीन-चार वर्षांनी पदवी घेऊन जेव्हा ते परततात, तेव्हा ॲमेझॉनचे खोरे, भूपट्ट-विवर्तनी आणि कोपेनचे हवामान-वर्गीकरण यांविषयी त्यांना बरेच काही सांगता येते. परंतु दुधनीच्या शिवारातील विहिरींना मे महिन्यात किती हातांवर पाणी लागते आणि वीस वर्षांपूर्वी ते किती हातांवर होते, हे मात्र सांगता येत नाही. ते त्यांना कोणी विचारलेलेही नसते. दोष मुलांचा नाही. परिसर, माणूस आणि त्यांचा परस्परसंबंध यांचा जो अभ्यास विद्यापीठात व्हावा, तो कसा केला जातो आणि कोणासाठी केला जातो, असा हा प्रश्न आहे.

तुरीच्या पोत्यातील जग

दुधनीची बाजार समिती तुरीच्या व्यापारासाठी ओळखली जाते. पौष-माघात येथे आवक वाढू लागते, आणि ती केवळ अक्कलकोट तालुक्याची नसते. अफजलपूर, आळंद या पलीकडील तालुक्यांचा शेतकरी जवळची आणि सोयीची पेठ म्हणून येथेच माल आणतो. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि नैसर्गिक प्रदेश म्हणून विचार केला तर दुधनी त्याच तूर-पट्ट्याची पश्चिम कड आहे. महाराष्ट्राच्या आकडेवारीत ही आवक महाराष्ट्राच्या बाजाराची म्हणून नोंदली जाते. ती पिकली मात्र दुसऱ्या राज्याच्या पहाणीपत्रकावर. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर सातबारा मागितला, की एका पेठेत येणारे दोन शेतकरी एकदम दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांचे नागरिक ठरतात. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील 'बाजारपेठ' ही संकल्पना या ठिकाणी भूगोलाच्या मदतीवाचून समजणे शक्य नाही, आणि भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील 'कृषी प्रदेश' ही संकल्पना अर्थशास्त्रावाचून.

२०१५ साली तूरडाळीचा भाव किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेला आणि देशभर ओरड झाली. पुढच्याच हंगामात शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढविला, पाऊसही बरा झाला, आणि २०१७ च्या प्रारंभी खरेदी केंद्रांसमोर पोत्यांच्या रांगा लागल्या. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर झालेला होता. खुल्या बाजारात तेवढा मिळत नव्हता, आणि केंद्रावर बारदान नव्हते. मधल्या काळात, म्हणजे २०१६ मध्ये, भारत सरकारने मोझांबिकशी कडधान्य-आयातीचा करार केलेला होता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील देशाचे नाव दुधनीच्या अडत्याला ठाऊक असते, कारण त्याच्या धंद्याचा तो भाग आहे. भूगोलाच्या पदवीधराला मोझांबिकची राजधानी ठाऊक असते. या दोन माहित्यांची गाठ पडत नाही, ही खरी शोचनीय गोष्ट होय.

पावसाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा पाऊस म्हणजे सप्टेंबरातील. म्हणून हा जिल्हा रब्बीचा, ज्वारीचा, 'मालदांडी'चा. एवढे तर शाळेतही शिकवतात. परंतु पाऊस जिल्ह्यावर पडत नाही. तो शिवारावर पडतो, एका शिवारावर पडतो आणि शेजारच्यावर पडत नाही. आता पीकविम्याचे आणि अतिवृष्टीच्या मदतीचे निर्णय महसूल मंडळ या घटकावर घेतले जातात. एका मंडळात अनेक गावे असतात. मंडळासाठी हवामान केंद्र साधारणतः एक. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी. त्या यंत्रावर ६३ मिलिमीटर पडला आणि आठ किलोमीटरवरच्या गावात ढगफुटीसारखा कोसळला, तरी कागदोपत्री अतिवृष्टी नाही. यंत्र कोठे बसविले, ते झाडाच्या आडोशाला आहे की माळावर, यावर शेकडो कुटुंबांचे वर्ष अवलंबून राहते.

आता पर्जन्यमापकांची जागा कशी निवडावी, दोन केंद्रांमधील पावसाचे अनुमान कसे काढावे, समपर्जन्यरेषा कशी आखावी, हे सारे भूगोलाच्या पदवीच्या प्रात्यक्षिकांत शिकविले जाते. मुले पेन्सिलीने सुबक समपर्जन्यरेषा आखतात. आकडे छापील असतात, बहुधा कोणत्या तरी परक्या प्रदेशाचे किंवा अगदीच काल्पनिक. आपल्याच मंडळातील दहा गावांत दहा साधी पर्जन्यमापके ठेवून एका पावसाळ्याची नोंद केली, तर त्याच प्रात्यक्षिकाची वही तहसीलदारासमोर ठेवता येईल असा पुरावा बनेल, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. विद्या आणि गरज एकाच बाकावर शेजारी बसलेल्या असून त्यांची ओळख करून दिली जात नाही, असे हे चित्र आहे.

२०२० सालचा ऑक्टोबर अक्कलकोट तालुका विसरणार नाही. त्या महिन्याच्या मध्यास झालेल्या पावसाने बोरी नदी पात्र सोडून वाहिली. कुरनूर धरणातून विसर्ग करावा लागला आणि खालच्या गावांत घरे, गुरे, उभी पिके आणि त्याहून वाईट म्हणजे शेताची मातीच वाहून गेली. तत्कालीन मुख्यमंत्री तालुक्यात येऊन गेले, पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. पाणी कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत आले होते, याची खूण मात्र कोणी दगडावर कोरून ठेवली नाही. तुळजापूर तालुक्यातून नळदुर्गच्या किल्ल्यातील बंधाऱ्यावरून येणारी ही बोरी एरवी वर्षातील बराच काळ कोरडी असते. म्हणूनच तिच्या पूररेषेची आठवण लवकर पुसली जाते आणि पात्रालगत पुन्हा बांधकाम होते. पूररेषेचा नकाशा तयार करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाचे दोन महिन्यांचे काम आहे. (योगायोग असा, की त्याच २०२० साली करोनाच्या साथीमुळे राज्यातील दहावीचा एकच पेपर रद्द करावा लागला, आणि तो भूगोलाचा होता. इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. लक्षावधी मुले भूगोलावाचून उत्तीर्ण झाली, आणि समाजास त्यात काही अनुचित वाटल्याचे दिसले नाही.)

एकत्र होते ते वेगळे झाले

भूमी, परिसर आणि समाज यांचा एकत्र अभ्यास ही काही पश्चिमेकडून नुकतीच आलेली नवी टूम नव्हे. मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग काढला, तेव्हा त्याच्या प्रमुखपदी पॅट्रिक गेडिस हा मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ असलेला स्कॉटिश विद्वान बसला. स्थळ, काम आणि लोक या तिहींचा विचार निरनिराळा करताच येत नाही, हे त्याचे सूत्र होते. ते समजावून देण्यासाठी तो नदीच्या खोऱ्याचा एक उभा छेद काढी: वर डोंगर, खाली समुद्र, आणि उतारावर क्रमाने खाणकामगार, लाकूडतोड्या, पारधी, मेंढपाळ, शेतकरी, कोळी. गेडिसच्याच शिफारशीने डॉ. घुर्ये विलायतेस शिकावयास गेले आणि परत येऊन त्यांनी १९२४ मध्ये तो विभाग हाती घेतला. महाराष्ट्रातील समाजशास्त्राचा पाया तेथे घातला गेला.

गेडिसचा तो छेद भीमेला लावून पाहावा. भीमाशंकरच्या रानात हिरडा वेचणारा महादेव कोळी, खाली पुण्याच्या सांडपाण्याने काळी पडलेली मुळा-मुठा, उजनीच्या पाणफुगवट्यावरील मच्छीमार आणि कालव्याखालचा ऊस, पंढरपूरचे वाळवंट आणि वारकरी, मंगळवेढ्याची ज्वारी, अक्कलकोट-दुधनीची तूर, आणि पुढे शहाबाद-वाडीच्या चुनखडीवर उभे असलेले सिमेंटचे कारखाने. दख्खनचा काळा पाषाण सरून भीमा-खोऱ्याची चुनखडी सुरू होते, ती दुधनीहून लोहमार्गाने काही तासांच्या आत पाहावयास मिळते. एका खोऱ्यात एवढे धंदे, एवढ्या जाती, तीन भाषा आणि पाण्याची एवढी भांडणे आहेत. याहून अधिक चांगले पाठ्यपुस्तक कोणत्या विद्यापीठाला छापता येणार आहे?

गेडिस मुंबईत येण्यापूर्वीच पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली होती. माती कोणती, तुकडे किती, कर्ज किती, कोण कोणत्या कामाला गिरणीत किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यात जातो, याचा हिशेब त्यांनी मांडला, आणि बहुसंख्य खातेदारांचे पोट केवळ स्वतःच्या शेतीवर भरू शकत नाही, हा त्या काळी अनेकांना धक्का देणारा निष्कर्ष काढला. पुढे कानिटकरांना बरोबर घेऊन त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचीही पाहणी केली. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींखाली गेले आहे. ते गाव कसे होते हे कळावयास त्या जुन्या पाहणीखेरीज साधन फारसे उरलेले नाही. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची, वाई तालुक्यातील शेतीची आणि सोलापूर शहराची पाहणी केली. सोलापूरवरील ग्रंथ १९६५ साली निघाला, तेव्हाचे गिरण्यांचे सोलापूर आज केवळ त्या पानांवर आहे. चं. धुं. देशपांडे यांनी पश्चिम भारताचा प्रादेशिक भूगोल १९४८ मध्ये लिहिला आणि पुढे महाराष्ट्राच्या भूगोलावरही ग्रंथ सिद्ध केला. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. पण त्यांनी महाराष्ट्राची भूमी आणि लोक यांवर लिहिले, आणि कोयनेच्या धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणीही केली. हे सारे लोक एकमेकांच्या अंगणात निःसंकोच वावरत होते.

नंतर विद्यापीठे वाढली आणि भिंतीही वाढल्या. भूगोल कला शाखेत राहिला, भूगर्भशास्त्र विज्ञानात गेले, पर्यावरणशास्त्र रसायनाच्या प्रयोगशाळेच्या आश्रयाला बसले आणि अर्थशास्त्राने गणिताचा अंगरखा चढविला. सोलापूर जिल्हा आधी पुणे विद्यापीठाकडे, १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता. २००४ मध्ये त्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, ज्यास २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ कशाला, अशी टीका त्या वेळी झाली. ती टीका चुकीची होती असे दाखवून देण्याची एक उत्तम वाट अजूनही खुली आहे: एक जिल्हा इतका बारकाईने अभ्यासून दाखवावा, की राज्यातील अन्य कोणत्याही जिल्ह्याविषयी तेवढी माहिती कोणाकडे नसावी. जिल्ह्याची मर्यादा हीच मग त्या विद्यापीठाची शक्ती ठरेल. अट एकच, की अभ्यासाने जिल्ह्याच्या हद्दीवर, म्हणजे दुधनीच्या वेशीवर, थांबू नये.

सक्तीचा पर्यावरण-अभ्यास

याच संदर्भात पर्यावरणाच्या सक्तीच्या विषयाचा विचार करावा लागेल. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निर्णय देऊन पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करावे असे सांगितले, आणि अंमलबजावणीत दिरंगाई होते असे पाहून २००३ मध्ये पुन्हा कान उपटले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासक्रम आखला. पन्नास तासिकांचा हा अभ्यासक्रम वाचून पाहण्याजोगा आहे. त्यातील शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा होता: जवळची नदी, गवताळ रान, डोंगर वा प्रदूषित स्थळ प्रत्यक्ष पाहावे, सामान्य वनस्पती, कीटक व पक्षी ओळखावेत. शंभरांपैकी पंचवीस गुण या क्षेत्रकार्याला ठेवलेले होते. पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तकही लिहिले. हेतू निर्मळ होता, योजनाही बरी होती.

प्रत्यक्षात काय झाले, हे शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सांगावयास नको. शिकविण्यास स्वतंत्र प्राध्यापक नाही. ज्याच्याकडे तासिका कमी, त्याच्या गळ्यात हा विषय. मग तो मराठीचा असो की वाणिज्याचा. क्षेत्रकार्याचे पंचवीस गुण झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणाऱ्या प्रकल्पांनी मिळविले. मुखपृष्ठावरचे नाव बदलले की एकच 'पर्यावरण प्रकल्प' दहा वर्षे चाले, आणि त्यात ओझोनच्या थराला पडलेले छिद्र हमखास असे. दुधनीच्या मुलाने ओझोनविषयी लिहू नये असे नाही; पण गावाच्या पश्चिमेस वाहणाऱ्या ओढ्यात प्लास्टिक साठून पूल तुंबतो, ते त्याला पर्यावरण वाटतच नाही. पर्यावरण म्हणजे दूरचे, गंभीर आणि आपल्या हातात नसलेले असे काही तरी, हाच संस्कार त्या सक्तीने घडविला. न्यायालयाला अभिप्रेत होते त्याच्या हे बरोबर उलट झाले.

जैवविविधता कायद्याचेही असेच झाले. २००२ च्या त्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपरिषदेत समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही असावी असे ठरले. या कल्पनेमागे माधव गाडगीळ होते, धनंजयरावांचे चिरंजीव. वडिलांनी माणसांच्या उत्पन्नाच्या पाहण्या केल्या, मुलाने माणसांच्या रानाविषयीच्या ज्ञानाची पाहणी करावयाचे ठरविले. हरित न्यायाधिकरणाने २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घालताच जागोजागी नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. त्यांतील कित्येक एकमेकींच्या प्रती आहेत. जे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनी गावच्या मेंढपाळांना, वैदूंना आणि म्हाताऱ्या बायकांना विचारून दोन वर्षांत नीट केले असते, ते मुदतीच्या धाकाने दोन महिन्यांत बाहेरच्या कंत्राटदारांनी उरकले.

म्हाताऱ्या बायकांचा उल्लेख सहज केलेला नाही. सरपणाची वाट, पाण्याची वाट, शेळ्या चारण्याची जागा, दुष्काळात खाता येणाऱ्या रानभाज्या, यांचा भूगोल स्त्रियांना पाठ असतो, आणि तो दुधनीच्या परिसरात बहुधा कन्नडमध्ये पाठ असतो. तुरीला तोगरी म्हणणाऱ्या आणि ज्वारीला जोळ म्हणणाऱ्या आजीचे ज्ञान मराठी माध्यमातून शिकलेल्या नातीकडे येता येता निम्मे गळते, आणि विद्यापीठाच्या इंग्रजी संदर्भग्रंथापर्यंत पोहोचते तेव्हा काहीच उरत नाही. मातीचे प्रकार पाहा. काळी, करल, बरड, चोपण, मळई असे भेद मराठी शेतकरी करतो, कन्नड शेतकरीही आपल्या शब्दांत तसेच भेद करतो. पाठ्यपुस्तकात दोहोंच्या जागी एकच 'रेगूर' येते. वास्तविक सीमेवरच्या मुलाला दोन भाषा येतात, ही त्याची अडचण मानली जाते. क्षेत्र-अभ्यासाच्या दृष्टीने ते त्याचे भांडवल आहे. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला दुभाषा लागतो, याला लागत नाही.

सीमेच्या राजकारणालाही याची एक बाजू आहे. महाजन आयोगाने १९६७ साली अक्कलकोट तालुका म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घालावा अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने तो अहवालच नाकारला, आणि सीमेचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ च्या अखेरीस या तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा वृत्तपत्रांत बराच गदारोळ झाला. त्या गावांचे म्हणणे नीट वाचले असता त्यात भाषेचा अभिमान कमी आणि पाणी व रस्ते यांची तक्रार अधिक होती. राजकारण्यांनी प्रश्न भाषेचा मांडला. गावकऱ्यांनी तो भूगोलाचा मांडला होता. उजनीचे पाणी एकरुख उपसा योजनेने कुरनूरकडे किती येते, टोकाच्या गावाला ते पोहोचते का, पलीकडच्या गावात रस्ता कधी झाला, याची दोन्ही बाजूंची शेजारी शेजारी मांडलेली माहिती कोणाजवळ नव्हती. महाराष्ट्राचे जिल्हा समालोचन आपल्या हद्दीवर थांबते, कर्नाटकचे त्यांच्या. वादात दोन्ही पक्षांना हवे तेवढे बोलता आले, ते या अज्ञानाच्या जोरावर.

या विवेचनावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गावच्या विहिरी मोजून पोट कसे भरणार? महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, पदव्युत्तर पदवी घेतलेले तरुण तासिका तत्त्वावर राबत आहेत. मग भूगोल घेऊन करायचे काय? विद्यार्थी राज्यसेवेच्या परीक्षेसाठी भूगोल घेतो यात त्याचे चुकले असे कोण म्हणेल? याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर कोणत्याच सामाजिक शास्त्राकडे नाही, अर्थशास्त्राकडे तर नाहीच. तथापि एवढे म्हणता येईल, की ज्या कामांना आज पैसे मिळतात, ती कामे हाताने मोजणी केलेल्या माणसालाच नीट जमतात. पीकविम्याचे दावे, पाणलोटाचे आराखडे, जमिनीची ड्रोनद्वारे मोजणी, नगरपरिषदांचे विकास आराखडे, भूजलाचे अंदाजपत्रक, ही सारी नोकरीची क्षेत्रे आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे व भू-स्थानिक माहिती यांवरील जुनी बंधने मोठ्या प्रमाणावर सैल केली. पूर्वी सीमेलगतचा धरातलपत्रक-नकाशा मिळवावयास अर्जविनंत्या कराव्या लागत, आज उपग्रहाचे चित्र मुलाच्या खिशातील फोनवर आहे. त्या चित्रातील हिरवा ठिपका ऊस आहे की वेडी बाभूळ, हे सांगावयास मात्र अजूनही कोणाला तरी त्या बांधावर जाऊन उभे राहावे लागते.

ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात लंडनच्या डडली स्टॅम्प नावाच्या भूगोलज्ञाने संपूर्ण देशाचे भूमी-उपयोग सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा त्याच्यापाशी सरकारी फौजफाटा नव्हता. शाळांतील शिक्षक आणि मुले यांच्या हाती मोठ्या प्रमाणाचे नकाशे देऊन त्याने शेत-न्-शेत रंगवून घेतले. पुढे महायुद्ध सुरू झाले, धान्याची आयात अडली, आणि कोणती कुरणे नांगरावीत हे ठरविताना त्याच नकाशांचा आधार घेतला गेला. मुलांनी तेव्हा केवळ गृहपाठ केला होता.

महाराष्ट्रात नवे काही निर्माण करावे लागणार नाही, जे आहे ते वापरले तरी पुरे. भूगोलाच्या पदवीच्या अखेरच्या वर्षी ग्राम-सर्वेक्षणाचे प्रात्यक्षिक अनेक विद्यापीठांत आजही आहे. गट गावात जातो, प्रश्नावली भरतो, अहवाल बांधतो, तोंडी परीक्षा होते, आणि अहवाल विभागाच्या कपाटात जातो. काही वर्षांनी कपाट भरते, मग रद्दीवाला येतो. पुढच्या वर्षीचा गट दुसऱ्या गावात जातो, त्यामुळे तुलना होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्प आणि समाज-सहभाग यांना श्रेयांकही ठेवले आहेत. ते झेरॉक्सच्या दुकानात जाण्यापूर्वीच अडविले पाहिजेत. गाव बदलू नये. दहा-बारा गावे कायमची ठरवावीत, अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र जावे, ठरावीक वर्षांनी तीच घरे व तेच प्रश्न घ्यावेत, आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेच्या वाचनालयात, मराठीत आणि दुधनीसारख्या ठिकाणी कन्नडमध्येही, ठेवावी. ज्यांनी माहिती दिली त्यांना ती परत वाचता आली पाहिजे. कलबुर्गीच्या विद्यापीठाशी बोलून पलीकडील दोन-तीन गावे त्याच यादीत घालता येतील. त्यासाठी दोन कुलगुरूंची एक बैठक पुरेशी आहे, मंत्रिमंडळाची नव्हे.

दुधनीपुरते बोलावयाचे तर प्रारंभ विहिरींपासून करणे सोपे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निवडक निरीक्षण विहिरींतील पाणी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु तिच्या जाळ्यात एका शिवारातील एखाददुसरीच विहीर येते. गावातील पंचवीस विहिरी निवडाव्यात, काही ओढ्याकाठच्या, काही माळावरच्या. त्यांच्या मालकांची संमती घ्यावी. एक लांब दोर, त्याला टोकाशी वजन, दर मीटरला गाठ, आणि एक जाड वही. मेच्या अखेरीस एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा. वहीत तारीख, पाण्याची खोली, त्या वर्षी विहिरीखाली कोणते पीक आणि शेजारी नवी कूपनलिका झाली असल्यास तिची खोली, एवढेच रकाने. मोजणाऱ्या विद्यार्थ्याने खाली सही करावी, आणि शक्य तर पुढच्या वर्षी मोजावयास येणाऱ्या मुलाला ती विहीर त्यानेच दाखवावी.